वसंतरावांचा कार्ब्युरेटर

वसंतराव आपल्या मोटारसायकलीशी बोलत. अमडापूरच्या शाळेत मी नवा रुजू झालो, तेव्हा गावाबाहेर एक उंच माणूस बंद पडलेल्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवत म्हणत होता, "चाल माय, आता रुसू नको." मला पाहून जराही न ओशाळता तो म्हणाला, "पाहून काय राह्यले, मास्तर? ढकला ना!" तिथूनच आमची मैत्री सुरू झाली.

घरची भाजीपाल्याची बाग होती, पण त्यांचा सगळा जीव बायकोवर, कमलवहिनींवर. मोठ्या तापातून उठल्यापासून वहिनींना दम लागे. खामगावच्या डॉक्टरांकडे वरचेवर जावं लागे. परतताना ती जुनी गाडी दोघांना घेऊन घाट चढत नसे. वहिनी उतरून चालू लागत. वसंतराव गाडी वर लावून धावत खाली येत आणि त्यांना हात देत.

एकदा त्यांनी अकोल्याहून मोठा कार्ब्युरेटर आणला. "यानं इंजिनाले ताकद येते. तिले उतरा लागनार नाई." पण बसवायचा कुणी? मिस्त्री म्हणे, गाडी ठेवून जा. परत कधी देणार ते सांगेना. मध्येच वहिनींचं दुखणं वाढलं तर? आणि स्वतः बसवताना गाडी कायमची बिघडली तर? कार्ब्युरेटर फडक्यात गुंडाळून ते नुसते फिरत राहिले. मला विचारलं, तर मी म्हणालो, मिस्त्रीकडेच द्या.

ओट्यावर वांगी निवडणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "मास्तरले काऊन इचारता? मांगं बसनार तं मी आहो. तुमीच बसवा."

"अन बिघडली तं?"

"तं बिघडली. तुमच्या हातानं बिघडलेली चालते मले."

रविवारी अंगणात गाडी उघडली. पहिल्यांदा बसवला, तर पेट्रोल गळू लागलं.  वसंतरावांनी पुन्हा सगळं सोडवलं, वाकडा बसलेला वायसर सरळ केला आणि किक मारली. गाडी खणखणीत सुरू झाली. वहिनी पदर खोचून मागे बसल्या आणि दोघं थेट घाटाकडे गेली.

परतल्यावर वहिनी हसत सांगत होत्या, "सरसर चढली, मास्तर! वर पोचलो तं हे रडून राह्यले!"

"धूळ गेली डोयात," वसंतराव म्हणाले.

पुढे माझी बदली कोकणात झाली. खामगावच्या स्टँडवर मला सोडायला वसंतरावच आले होते. एसटी लागली तशी मी ट्रंक उचलली. त्यांनी माझा दंड धरला. "हे जाऊ द्या ना, मास्तर. मांगून दुसरी येते." आम्ही चहा घेतला.  दुसरी आली तेव्हा त्यांनीच ट्रंक वर चढवली आणि मान फिरवून उभे राहिले.

आमची पुन्हा भेट झालीच नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. स्टँडवर त्या दिवशी मी ती दुसरी एसटीही जाऊ द्यायला हवी होती.