प्यासे सर

सरांना तहान भारी. जून लागला की ती आणखी वाढायची. एकाच गल्लीत घरोघरी ओट्यावर टेकत आणि पाणी मागत. आम्ही पोरींनी त्यांचं नाव ‘प्यासे सर’ ठेवलं होतं. नंदुरबारच्या आमच्या मुस्लिम अल्पसंख्याक कॉलेजचे ते पहिले प्राचार्य. त्या तहानेतली चलाखी मला उशिरा कळली. आमच्याकडे पाहुण्याला पाणी घरातली पोर आणून देते. ती तांब्या घेऊन बाहेर आली की सर तिच्या बापाला विचारत, “ही कुठे शिकते?”

आमच्या गावी, रनाळ्याला, आमच्या ओट्यावरही ते असेच आले. अब्बा पिंजारी, गाद्या भरायचे. म्हणाले, “सर, पोर धाकली शे आजून.”

सर घटाघटा पाणी प्यायले. “धाकली शे तवयच धाडा. मोठी व्हयनी का तुम्ही तिन्हं लगीनच करी टाकशात.”

अब्बांना हसू आलं आणि मी सुटले.

कॉलेज सुरू झालं ते मदरशामागच्या दोन खोल्यांत. आधी कला शाखा, मग वाणिज्य. मधली भिंत अर्धीच, त्यामुळे हिशेबाच्या तासाला पलीकडची उर्दू गझल ऐकू यायची म्हणे. कुणी तक्रार केली की सर म्हणत, “एका फीत दोन विषय शिका.”

एक शब्द मात्र सर कधी उच्चारत नसत: थांब. रिक्षावाल्यालाही ‘बस, इथे’ म्हणत. पोरी गलका करत पळाल्या तर नुसता हात वर करत. त्याचं कारण मला कॉलेजच्या शिपाई मावशींनी सांगितलं. प्रकाशा गावची शबाना बारावी सायन्स चांगली पास झाली होती. घरचे दुसऱ्या कॉलेजात धाडायला तयार नव्हते, आणि आपल्याकडे विज्ञान शाखा नव्हती. मंजुरीसाठी अर्ज गेला होता. सर तिला म्हणाले, “एक वरीस थांब, बेटी.” ती थांबली. मंजुरी आली नाही. तिचं लग्न झालं आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली.

मग दर जूनला सर त्या घरी जात. पाणी तिची आई देई, आणि एवढंच विचारी, “सायन्स सुरू व्हयनं का, सर?” सर नकारार्थी मान हलवून उठत.

शेवटी मंजुरी आली. पहिल्या तुकडीत मी होते. सरांनी पेढे वाटले नाहीत. पहिला बाक तेवढा रिकामा ठेवायला लावला, आणि आम्ही भीत भीत त्याच्या मागे बसलो. त्या वर्षापासून त्यांनी प्रकाशाला जाणं बंद केलं. ‘सुरू झालं’ हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

आता मी तिथेच रसायनशास्त्र शिकवते. सर गेल्या हिवाळ्यात गेले. शेवटच्या आजारपणात माझा हात धरून म्हणाले, “मन्हाकडून नही व्हयनं. तू सांगी ये.”

यंदा जूनमध्ये मी प्रकाशाला गेले. म्हातारी ओट्यावर एकटीच बसली होती. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, “कॉलेजनी शे का तू? सायन्स सुरू व्हयनं का?”

“हा, चाची. व्हयनं सुरू.”

तिचा चेहरा एकदम उजळला. मागे वळून तिने हाक मारली, “शबाना, ऊठ वं! कॉलेजना लोके घर उनात. पानी लई ये.”

खोलीत कुणी नव्हतं. मी उठू लागले तशी तिने माझं मनगट धरलं.

“थांब ना जराशी. येई ऱ्हायनी ती.”

मी थांबले.