जोडीची चौकट

आमच्याकडं जोडी म्हटलं की कशाची, असं कुणी विचारत नाही. जोडी म्हणजे बैलांची. नवरा-बायकोला आम्ही जोडा म्हणतो. लग्नात म्हातारी माणसं ‘जोडा शोभतोय’ म्हणतात. ‘जोडी शोभतीय’ म्हटलं तर मांडवातली माणसं गोठ्याकडं वळून बघतील. एक काना आणि एक वेलांटी, एवढाच काय तो फरक. त्यानं माझी मान जी खाली गेली ती आजवर नीट वर आली नाही.

मी खानापूरच्या अंगाचा सुतार. नांगर, कुळव, गाडीची चाकं, दाराच्या चौकटी, हेच माझं पोटापाण्याचं काम. पण मला एक नाद लागला. आमच्या बाजारात बेळगावच्या कॅम्पातला एक फोटोवाला यायचा. तीन पायांच्या तिकाटण्यावर पेटी ठेवायची, काळ्या फडक्यात डोकं खुपसायचं आणि आतून ‘हलू नका, हलू नका’ म्हणून ओरडायचं. फोटोनं आयुष्य घटतं असं बायका म्हणायच्या, म्हणून गडीमाणसं स्वतः उभी राहायला कचरायची आणि बैलाला पुढं करायची. बैलाला काय, ‘हलू नका’ सांगून कळतंय थोडंच. कुणाच्या कानाचा धूर झालेला, कुणाला शेपटीच नाही. तोंड मात्र लई झ्याक यायचं.

हे फोटो लोक माझ्याकडं आणायचे आणि मी त्यांना लाकडाचं अंग द्यायचो. शिवणीच्या लाकडाची फळी घ्यायची, तिला दोन भोकं पाडायची, मागं खाच करायची आणि त्या खाचेतून फोटो सरकवायचा. पुढून बघितलं की दोन भोकांतून दोन बैलांची तोंडं दिसायची. वर शिंगं लाकडाची. गळ्याला लोकरीचे गोंडे, घुंगरं खरी. फोटो सपाट असला तरी शिंगं हाताला लागायची, आणि आंधळी म्हातारीसुद्धा चाचपून सांगायची की हा आमचा डावा बैल. शिंगं मी वेगळी करून बांबूच्या खुंट्यांनी बसवायचो, कारण फळीतून कोरली तर ती टोकाला मोडतात. दोघांच्या मानेवरचं जू मात्र फळीतूनच उठवायचो. सांधा नाही, खिळा नाही. बघायला आलेल्याला हे मी दोनदा सांगायचो. सांगायला कुणी आलं नाही तर बहिणीला सांगायचो.

आईबाप लवकर गेले. माझ्या मागं एवढी एकच बहीण, तिला मीच वाढवली. भुश्शात खेळून मोठी झाली ती. तिला मी तिकडं कोगनोळीच्या बाजूला दिली, तंबाखूवाल्यांच्या मोठ्या घरात. त्यांची पांढरी खिलार जोडी निपाणीपर्यंत नावाजलेली होती. आमच्याकडचे बैल भाताच्या चिखलातले, गिड्डे. आमची माणसंही त्यांच्या हिशोबात तशीच. एवढ्या मोठ्या घरात पोरीचं कसं होतंय, ती कुणाच्या नजरेतून उतरत तर नाही ना, ही एकच काळजी मला होती. नव्या सुनेला पहिल्या वर्षात घर जे नाव ठेवतं ते पुढं सुटत नाही, हे मी चार घरं बघून शिकलो होतो.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिच्या थोरल्या दिराचा सांगावा आला. हा गृहस्थ बेळगावात कचेरीत कारकून, बोलणं शहरी वळणाचं. सांगावा असा: ‘बेंदराला येताना जोडीची चौकट करून आणा. फोटो इथं तयार आहे. तोंडं शेजारी शेजारी.’ मापही कळवलं होतं.

आता तुम्हीच सांगा. बेंदूर म्हणजे बैलांचा सण. घर नावाजलेल्या जोडीचं. आणि मी बैलांच्या चौकटी करणारा. मी काय समजायचं होतं? लग्नात याच दिरानं बेळगावहून फोटोवाला आणून नवरा-नवरीचा फोटो काढला होता, तो माझ्या ध्यानातून पार गेला होता. मी कामाला बसलो. बहिणीच्या सासरी जाणारी वस्तू, मग काय विचारता. शिंगं खिलाराची, लांब आणि मागं झुकलेली. जुवावर वेलबुट्टी कोरली. चौकट पुरी झाली तेव्हा मी ती भिंतीला टेकवून लांबून बघितली आणि माझं मलाच कौतुक वाटलं. असं काम पुन्हा माझ्या हातून झालं नाही. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे.

खानापूरहून रेल्वेनं बेळगाव, तिथून सर्व्हिस मोटरीनं निपाणीच्या अंगाला. मांडीवर चौकट, वर धुतलेलं धोतर गुंडाळलेलं. पोचलो तेव्हा अंगणात भावकी जमलेली. बैलांची शिंगं साळून, म्हणजे तासून गुळगुळीत करून, तांबडा हिंगूळ लावलेला, पाठीवर झुली. माझी बहीण आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. मला बघून तिच्या तोंडावर जे हसू आलं तसं पुन्हा दिसलं नाही.

थोरल्या पाव्हण्यांनी, म्हणजे त्या कारकून दिरानं, चौकट घेतली. वरचं धोतर तसंच ठेवून मागच्या खाचेतून फोटो सरकवला आणि सोप्यातल्या खुंटीला अडकवली. बहिणीच्या सासूनं आधी हळदकुंकवाचं बोट लावलं, आणि मग त्यांनी धोतर ओढलं.

माप अगदी बरोबर बसलं होतं. एका भोकातून दाजींचं मुंडावळ्या बांधलेलं तोंड. दुसऱ्या भोकातून माझ्या बहिणीचं, नथ घातलेलं, खाली बघणारं. दोघांच्या डोक्यावर हातहातभर शिंगं, गळ्यात गोंडे, मानेवर जू. घुंगरं अजून हलत होती.

मग भावकीतला एक म्हातारा म्हणाला, “व्हय की रं. सूनबाईला आल्या आल्या शिंगं फुटली.”

अंगण हसलं. दाजींनाही तीच शिंगं होती, पण त्यांच्या शिंगांचं कुणाला काही वाटलं नाही. पुरुषाच्या डोक्यावर शिंगं असली तर तो दांडगा; बाईला शिंगं फुटली तर ती उद्धट. सासू पदरानं तोंड पुसत म्हणाली, “फुटली तर फुटू देत. बेंदूर हाय आज. शिंगं साळायचाच दिस.” मग तर लोक पोट धरून हसले. बहीण ताट घेऊन तशीच उभी होती. मी ताटातल्या निरांजनांकडं बघत होतो. तिच्या तोंडाकडं बघायची माझी छाती झाली नाही.

मी म्हटलं, चुकलं माझं, मी ती परत नेतो, दुसरी करून आणतो. तिचे सासरे, त्यांना सगळे आप्पा म्हणत, हसून म्हणाले, “ऱ्हाऊ दे रं. काम लई चांगलं हाय. घरात गंमत ऱ्हाईल.” ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाकडून वस्तू काढून घेता येते. हसणाऱ्याच्या हातून कशी काढायची? चौकट सोप्यात राहिली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांपुढं.

पुढं काय झालं ते मला बाजारातून कळत गेलं. बहिणीनं काही विचारलं की ‘शिंगं दिसाय लागली.’ भाकरी थापताना दमून टेकली की ‘शिंगं जड झाली काय गं?’ आणि मग एकदा निपाणीच्या बाजारात मी पटाशी घेत होतो, तर मागून कुणीतरी म्हणालं, “ह्यो शिंगाळीचा भाऊ न्हवं?” ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अंगाची आग झाली. वळून त्या माणसाच्या थोबाडात द्यावी असं वाटलं, पण द्यायची कशाबद्दल? नाव त्यानं ठेवलं नव्हतं. मी पटाशी तिथंच टाकली आणि मोटरअड्ड्याकडं सुटलो. गावात आल्यावर चौकटीची कामं बंद केली. कुणी फोटो घेऊन आला तर बारीक करवत मोडलीय म्हणून सांगायचो. करवत माझ्या मागंच खुंटीला असायची.

दिवाळीला ती माहेरी आली. त्या गोष्टीबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. मला राहवेना. मी म्हटलं, “एक शिवी तरी दे गं. माझं मला खाल्लेलं ग्वाड लागंना.”

ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, “अण्णा, त्यात माझं तोंड लई चांगलं आलंय.”

एवढंच. मग ती खिलारांबद्दल बोलत बसली, डावा कसा लाडिक आहे आणि उजवा कसा कुणाच्या हातचं खात नाही. मी हूं हूं करत राहिलो.

उन्हाळ्यात मी तापानं अंथरुणाला खिळलो. उठायची आशा नव्हती. तिला सांगावा धाडला की येऊन जा, बघून तरी जा. ती आली नाही. शेजारची माणसं पेज देत होती. मी त्यांच्यापुढं बडबडलो, की मोठ्या घरात गेली, आता भाऊ कशाला आठवतोय. तापात बोललो असं म्हणून सोडून देता येईल, पण ताप उतरल्यावरही मी तेच म्हणत होतो.

पुन्हा बेंदूर आला. तिच्यावरचा राग होताच, तरीही मी पिशवीत पटाशी, करवत आणि कानस घालून निघालो. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे, शिंगं उपटून टाकायची. खुंट्यांवर बसवलेली, उचकटायला कितीसा वेळ.

सोप्यात पाय ठेवला आणि बघितलं. दाजींची शिंगं जागेवर होती, त्यांना हिंगूळसुद्धा लावला होता. बहिणीच्या डोक्यावर नुसती दोन खुंटं. कोयत्यानं तोडलेली, वेडीवाकडी. एक घाव चुकून तिच्या कपाळाच्या वर फळीत बसला होता.

सासूनं माझं ताट वाढलं. बाई मनानं वाईट नव्हती; पुरणाचे कडबू मला नेहमी सगळ्यांपेक्षा जास्त वाढायची. मी चौकटीकडं बघतोय हे बघून तीच म्हणाली, “साळली की ती. तू आजारी पडलास तवा माहेरला जायाचा लई हट्ट केला तिनं. न्हाय म्हटलं तर दोन दिस जेवली न्हाय. मग म्हटलं, लई वाढलीत, साळून टाकावीत.” असं म्हणून हसली आणि कडबवावर तूप घातलं.

मी घरी बसून तिला नावं ठेवत होतो, आणि इकडं माझ्यापायी हे झालं होतं. त्या घरात मान वर करून बसायची मला लाज वाटली. ताटावरून तसाच उठलो.

ती गोठ्यात बैलांच्या कपाळाला बाशिंगं बांधत होती. मी तिला म्हटलं, “चल, मी हत्यारं आणलीत. नवी शिंगं बसवतो, न्हायतर दाजींचीबी काढतो. तू म्हणशील तसं.”

ती पदराला हात पुसत सोप्यात आली. माझ्यासमोर ती चौकटीकडं पहिल्यांदाच बघत होती. शिंगांच्या खुंटांवरून तिनं बोट फिरवलं, मग खाली आली, जुवावरून, वेलबुट्टीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“शिंगांचं जाऊ दे, अण्णा,” ती म्हणाली. “हे जू निघंल काय?”

माझ्या हातात पटाशी होती.

“न्हाय,” मी म्हटलं. “ते एकाच फळीतलं हाय.”

“व्हय. तू सांगायचास की.” तिनं मान हलवली. “मग ऱ्हाऊ दे.”

अंगणात बैल आणून उभे केले होते. बाहेरून सासूनं हाक मारली, “शिंगाळे, आरती आण गं.”

“आले,” ती म्हणाली, आणि ताट उचलून गेली.