सुपडूची बहीण

विमलअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या रक्तपेढीत बाटल्यांवर लेबलं चिकटवत होते. पलीकडून, पारोळ्याच्या एसटीडी बूथवरून, तिचा धाकटा भाऊ सुपडू बोलत होता. "ताई, अक्का गयी," एवढंच म्हणाला आणि मग नुसती खरखर... आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली होती, तिथेच झोपेत हृदय थांबलं. मला आधी रडू आलंच नाही, रागच आला. एसटी चुकू नये म्हणून तासभर आधी स्टँडवर जाऊन बसणारी ही बाई, पण म्हणून इथेही एवढी घाई करायची?

अक्का प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमची ओळख झाली ती मी नोकरीत नवी असताना. गावात एका नवजात बाळाचं सगळं रक्त बदलायचं होतं. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला की आईच्याच रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध विष तयार होतं. पहिलं मूल बहुधा सुटतं, पुढची पिवळी पडतात, काही पोटातच जातात. अशा बाळाला बेंबीतून थोडं थोडं निगेटिव्ह रक्त देत जुनं काढून घ्यायचं, एवढाच उपाय होता. आमच्याकडे ओ निगेटिव्हची एकही बाटली नव्हती. कुठून तरी कळलं आणि अक्का शाळेतून तशीच आली, पदर खोचून खाटेवर आडवी झाली. "घे गं, माझं ओ निगेटिव्हच आहे."

डॉक्टरांनी तिला मुलाबाळांविषयी विचारलं. पहिली मुलगी रीतीप्रमाणे माहेरी झालेली, धडधाकट. तेव्हा हे विष तयार होऊ नये म्हणून बाळंतिणीला द्यायचं इंजेक्शन ना माहेरच्यांनी ऐकलेलं, ना सासरच्यांनी. पुढचा मुलगा पिवळा पडून गेला, त्यापुढचं पोटातच गेलं. सासरी तिला पांढऱ्या पायाची म्हणून झालं होतं. डॉक्टर जपून बोलले, पण सांगायचं ते सांगावंच लागलं. तिच्या रक्तात ते विष अजून होतं, या बाळाला ते चालणार नव्हतं. अक्का उठून बसली, बाही खाली केली. "म्हणजे माझं रक्त अजून लेकरांच्या जिवावर उठलेलंच आहे म्हणा," असं म्हणून ती चक्क हसली. ते हसू मला आजही नको वाटतं.

पण हातपाय गाळणारी ती नव्हेच. असं रक्त आणखी कुणाचं असेल, तिनं मला विचारलं. सख्ख्या भावाबहिणींत सापडू शकतं, मी म्हणाले. ती म्हणाली, "आमचा सुपडू!" तिच्या आईची मधली दोन लेकरं अशीच पिवळी होऊन गेली होती. पुढचा मुलगा झाला तेव्हा त्याला सुपात घालून दाराबाहेर ठेवलं, शेजारणीनं उचललं आणि आईनं मूठभर ज्वारी देऊन परत मागून घेतलं. म्हणून तो सुपडू. सगळं गाव म्हणायचं, सुपानं वाचवला. अक्काच्या ध्यानात आलं, तो आईसारखा निगेटिव्ह म्हणून वाचला असणार. दुपारच्या एसटीनं ती पारोळ्याकडे निघाली.

पुढचं मला सुपडूनं सांगितलं. आई उंबऱ्यात आडवी बसली, सुपडूला जाऊ देईना. "सुपात घालीसन मांगी लेयल पोऱ्या शे हाऊ! त्यानं रगत कोनलेच देवानं नही." अक्काजवळ उत्तर होतं. आई, त्याला सुपानं वाचवलं नाही, त्याच्या रक्तानं वाचवलं. आणि ती दोघं गेली ती तुझ्या रक्तामुळे. हेच वाक्य तिनं स्वतःबद्दल त्याच दिवशी ऐकलं होतं. ते आईला ऐकवणं तिच्यानं झालं नाही. ती नुसती विनवत राहिली. शेवटी पहाटे सुपडूच उठून तिच्याबरोबर पहिल्या एसटीत बसला. ती दोघं पोचली तोवर बाळ गेलं होतं. आम्ही सुपडूचा गट तपासला. ओ निगेटिव्ह.

त्यानंतर सुपडू हाकेसरशी यायचा. त्याच्या रक्तावर किती बाळं तरली! अक्काला मग नादच लागला. बाजारात कुणी सुपडू, धोंडू, दगडू, असं जगावा म्हणून ठेवलेल्या नावाचा भेटला की त्याला माझ्याकडे पिटाळायची. बहुतेक सगळे पॉझिटिव्ह निघायचे. "अक्का, नावावरून गट कळला असता तर माझी नोकरी गेली असती," मी चिडवायचे. वाचलेलं बाळ बघायला ती यायची, पण हात मागे बांधून उभी राहायची. हात लावल्यानं काही होत नाही, मी कितीदा सांगितलं. "ठाऊक आहे गं," म्हणायची, आणि हात मागेच. एकदा म्हणाली, "एक वाक्य बोलले असते, तर ते पहिलं पोर आज माझ्या वर्गात असतं... पण आईला कसं सांगू?" शेवटपर्यंत तिनं ते आईला सांगितलं नाही.

दहाव्याला मी तिच्या माहेरी गेले. अंगणातल्या चुलीवर आखाजीचं, मांडे भाजायचं खापर तसंच होतं, अक्काची आई, आमची आजी, ते कुणाला उतरवू देत नव्हती. मला जवळ बसवून म्हणाली, "तिले वाटे, माले काहीच माहीत नही. सुपडूनी माले कव्हयच सांगेल व्हतं. मना रगतनं गयात ती लेकरं. इमलनी बी तशीच."

"मग आजी, अक्काला कधी बोलला का नाहीत?"

"ती मनाकरता गप्प बठनी," आजी म्हणाली. "मंग मी बी गप्प."

मी त्या खापराकडे बघत राहिले. दर आखाजीला त्याच्यापुढे मायलेकी समोरासमोर बसायच्या. अक्का हातावर मांडा पसरायची, आई भाजून काढायची. दोघींची लेकरं एकाच कारणानं गेली, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्या चुलीपुढे बसून एकमेकींच्या गळ्यात पडून एकदा रडल्या असत्या, तर... तेवढं मात्र राहून गेलं.