परमिट रूममधलं गाणं आणि आपली हरकत

मैत्रिणींनो, वाचनालयाच्या फळ्यावर आज बातम्यांऐवजी माझाच अनुभव लिहिते.

भंडाऱ्याच्या एका परमिट रूमला उशिरापर्यंत उघडं राहायचं आहे आणि गाणंही ठेवायचं आहे. परवान्याच्या अटी बदलाव्या म्हणून मालकाचा अर्ज आहे. सकाळी सुनावणी झाली. तुमच्या सह्यांची हरकत घेऊन मी गेले होते.

तिथे गाणार आहे आपली शोभा. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत नाटक होतं, त्यात गाते तीच. हे मला आधीच ठाऊक होतं.

मी हरकत वाचली, तेव्हा सुनावणी घेणारे साहेब फायलीतच बघत होते. मालकाच्या बाजूने शोभा बोलू लागली आणि त्यांनी मान वर केली. घरातली पहिली बी.ए. मी, पण ऐकलं तिचं.

बाहेर ती म्हणाली, "मंडईत मी रातभर गाते तं तू टाळ्या वाजवते. तेथी पिऊन येनारे नाही राहत का? मंग आता काहून व?"

दारू उशिरापर्यंत नको, हे मी आजही म्हणेन. पण 'गाणाऱ्या बायकांमुळे गाव बिघडेल' हे वाक्य मी हरकतीत लिहिलं, तेव्हा माझ्या कानात तिला मिळणाऱ्या टाळ्या होत्या.

निकाल सोमवारी आहे. ते वाक्य उद्या जाऊन खोडू का? खाली सह्या तुमच्या आहेत, म्हणून विचारते.