छपरावरचे तीन दिवस

नवापूरला आमचं घर मंगलोरी कौलांचं. पाऊस उघडला की इथे लगेच कोरडं होत नाही. दिवाळीपर्यंत भिंती ओलसर, कौलांवर शेवाळ. थंडी पडायच्या आत छप्पर साफ केलं नाही तर तो ओलावा घरातच मुरतो, आणि आईला दमा.

दरवर्षी हे काम शेजारच्या गल्लीतले मिस्तरी चाचा करायचे. गेल्या वर्षी गुडघ्यांवर हात ठेवून ते म्हणाले, "बेटी, आते मन्हावरी चढाई नई." दुसरे मिस्तरी सगळे कामाला सुरतेला गेलेले. मी शाळेत शिकवणारी बाई, पन्नाशी ओलांडलेली. म्हटलं, "मी चढते. तुम्ही खालून सांगा."

चाचा अंगणात खुर्ची टाकून बसले. तिथून सांगू लागले: जिथे एक कौल दुसऱ्यावर चढलंय तिथेच पाय ठेवायचा, प्रत्येक कौल बोटाने ठोकून पाहायचं, खणखण वाजलं तर ठेवायचं, भद्द वाजलं तर बदलायचं. अर्ध्यावर गेले आणि खाली पाहिलं. ना वर जाता येईना, ना खाली.

"बेटी, पोऱ्या नापास व्हयना ते तू त्याले काय सांगस?"

"पुन्हा बस म्हणते," मी कशीबशी म्हणाले.

"मंग बस तठेच. दम खाय."

मला हसू फुटलं. बसले, श्वास घेतला, आणि पुढे सरकले.

दुसऱ्या दिवशी चार भद्द कौलं काढली, तर खालची, कौलं पेलणारी लाकडी रीप पूर्ण कुजलेली. तुकडा तोडून खाली टाकला. चाचांनी तो चिमटीत दाबला, भुगा झाला. ते उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. ती रीप आईच्या खाटेच्या बरोबर वर, छपरात होती.

त्यांनी स्वतः सागाची नवी रीप मापून कापली. करवत सरळ चालली. मी वर नेऊन ठोकली. तिसऱ्या दिवशी शेवाळ खरवडून काढलं.

त्या हिवाळ्यात आई रात्रभर झोपायची. सकाळी उन्हात बसून मेथी निवडायची. एकदा मी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन चाचांकडे गेले. मी नुसतीच म्हणाले, "चाचा, आई बरी आहे."

"मले माहीत शे," ते म्हणाले. "रोज सकाय जाता जाता मी तिले देखस."