एका भरतीचं अंतर

पासष्टच्या सुरुवातीला माझं पोस्टिंग पंजाबात, सरहद्दीजवळच्या एका धावपट्टीवर झालं. नाव मोठं, एअर सप्लाय, काम हमालीचं. विमानातून पेट्या उतरवायच्या, रिकाम्या परत चढवायच्या आणि वायरलेसवर लोड कळवायचा. मी नाईक, सफाळ्याचा. माझ्या हाताखाली लान्स नाईक काशिनाथ, दातिवऱ्याच्या मच्छीमाराचा मुलगा. अख्ख्या कंपनीत आमच्या मुलखातले आम्ही दोघेच.

मे महिन्यात दोघं मिळून रजेवर आलो. काशिनाथच्या अंगणात बोंबील वाळत होते. त्याच्या आईने मला विचारलं, "तुमची फौज किती लांब हाय रं?"

मी सांगितलं, विमानाने नऊशे मैल. मैल तिच्या काही कामाचे नव्हते. दर्यावरची माणसं वेळ पाण्यावर मोजतात.

"आये, डाकोटाला सहा तास लागतात," काशिनाथ म्हणाला. "म्हंजे एक भरती. पानी भरेपरेंत मी दारात."

"तुला बसवतील इमानात?" तिकडे विमानाला इमानच म्हणतात.

"मेलो तं नक्की बसवतील."

म्हातारीने हातातल्या बोंबलानेच त्याला हाणलं. आम्ही पोट धरून हसलो.

सप्टेंबरात लढाई पेटली. एका दुपारी शत्रूची विमानं धावपट्टीवर आली. आडोशाला पोचायच्या आत काशिनाथच्या पोटात बॉम्बचा तुकडा घुसला. दवाखान्याच्या तंबूत नेईपर्यंत तो शुद्धीवर होता. "आयेला सांग, भरतीला येतो," एवढंच म्हणाला आणि गेला.

पट्टीवर हल्ल्यातून वाचलेलं एक डाकोटा उभं होतं, सांताक्रूझला निघालेलं. मी मेजरसाहेबांकडे धावलो.

"सर, एक जगह चाहिए. काशिनाथ के लिए."

"जखमी है?"

"नहीं सर. खतम हो गया."

"तो क्रिया इधर ही होगी. ऑर्डर है."

"सर, छह घंटे का रास्ता है."

"नाईक, लोड रिपोर्ट दो."

वायरलेसवर मीच बोललो. "लोड, खाली पेटी. ओव्हर."

"रॉजर. आउट."

विमान उडालं. लाकडाला मुंबईपर्यंत जागा होती, माणसाला नव्हती. हुकूम तो हुकूम, हे मला कळतं. पण त्या दुपारची चीड अजून गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही.

कंपनीच्या सुताराने तसल्याच एका पेटीच्या फळ्या काढून अस्थींसाठी लहान पेटी करून दिली. ती घेऊन मी रेल्वेने आलो. दातिवऱ्यात शेजारीण म्हणाली, तार आल्यापासून म्हातारी दर भरतीला किनाऱ्यावर जाऊन आभाळाकडे बघत बसते. तिथेच ती भेटली. पेटीला तिने हात लावला नाही.

"दर्या पन मानूस नेतो," ती म्हणाली. "पन दोन-तीन भरत्यांनी आनून टाकतो. तोंड तरी बघाया मिलते. तुमचा तं एका भरतीचा रस्ता. तुमच्याकडं इमान नवता?"

"होतं, मावशी."

"मंग काय आनलान त्याने?"

खोटं बोलणं सोपं होतं. जमलं नाही.

"रिकाम्या पेट्या," मी म्हणालो.

तेव्हा तिने माझ्या हातातली पेटी घेतली. कानाशी धरून हलवली. आत अस्थी खुळखुळल्या.

"ही पन रिकामीच हाय, पोरा," ती म्हणाली.