एक वीत सागवान

मनोहररावांसारखा हट्टी सुतार अख्ख्या लकडगंजात सापडायचा नाही. चाळीस वर्षं करवत चालवली, पण 'माझं चुकलं' म्हणाले असतील तर शपथ! हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ठरवलं, शेवटचं काम देवाच्या घरचं. आपल्या चर्चसाठी सागवानाचं पुलपिट केलं, पाळक ज्यामागे उभं राहून उपदेश करतात ते उंच मेज. वरच्या बाजूला द्राक्षवेल कोरली आणि अगदी खालच्या पट्टीवर ठसठशीत अक्षरांत 'मनोहरराव सुतार'. स्वतःच्या नावाला स्वतःच 'राव' लावलं म्हणून बायको कौसल्या अजून हसते.

माप घेतलं होतं जुन्या पाळकसाहेबांचं. सहा फुटी गडी! पाळकांची दर पाच वर्षांनी बदली होते हे साऱ्या मंडळीला ठाऊक. विसरले ते एकटे मनोहरराव. महिन्याभरात साहेब बदलीवर गेले आणि त्यांच्या जागी चारुशीलाबाई आल्या. पहिल्याच रविवारी त्या पुलपिटामागे उभ्या राहिल्या, तर मंडळीला दिसला नुसता अंबाडा. पोरं खिदळली.

"काका, थोडं कमी करता येईल का?" उपासनेनंतर बाईंनी विचारलं.

"वरून कापलं तं वेल जाते. खालून कापलं तं..." मनोहरराव अडखळले. "नाही जमत."

"खालून कापलं तं तुमचं नाव जाते, असं बोला ना जी!" कौसल्या म्हणाली. "काहून लपवून राहिले?"

पुढच्या रविवारी बाई पुलपिट सोडून खाली, लोकांसमोर उभ्या राहिल्या. एका हातात बायबल, दुसऱ्यात टिपणं. शिष्यांची गोष्ट सांगू लागल्या: वाटेनं भांडत निघाले होते, आपल्यात मोठा कोण म्हणून. येशूनं विचारलं तर सगळे गप्प! "देवाच्या राज्याचं दार बुटकं आहे," बाई म्हणाल्या, "वाकल्याशिवाय आत जाता येत नाही." एवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं टिपणं उडाली आणि त्या स्वतःच वाकून एकेक कागद वेचू लागल्या. मनोहररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या नावापायी पाळकबाई फरशीवर!

सोमवारी सकाळीच ते करवत घेऊन चर्चमध्ये हजर. कौसल्येनं लाकूड धरलं. चांगली वीतभर पट्टी कापून निघाली, नावासकट. वाईट वाटलं, फार वाटलं. डोळे पुसले आणि दोष भुशावर ढकलला. मग पट्टी काखेत मारून निघाले, तोच वाऱ्यानं चर्चचं दार धाडकन आपटलं. रोजचंच होतं ते. मनोहरराव थबकले, दार उघडलं, वाकले आणि पट्टी अडसर म्हणून दाराखाली सारली. दार जिथल्या तिथं थांबलं.

रविवारी पुलपिटामागे उभ्या बाईंचा चेहरा पहिल्यांदा सगळ्यांना दिसला, हसरा. येणारा-जाणारा त्या पट्टीला पाय लावून जात होता.

"तुमचं नाव तं पायाखाली आलं जी," कौसल्या पुटपुटली.

"येऊ दे वं. दार तं उघडं राहिलं." पट्टीकडे बघत ते म्हणाले, "अन् खरं सांगू? माप माह्यंच चुकलं होतं."